प्रमुख खुनी सौ. पद्माबाई

बीदरच्या मैलूर वस्तीत कुणी काही नवं करायचं मनात आणलं, की ते आधी इरप्पाला कळतं आणि मग त्या माणसाला. त्यामुळे आपण पिक्चर काढणार ही बातमी द्यायला राजपाल सर स्वतः स्वयंपाकघरात गेले, तेव्हा स्नेहलबाईंनी भाकरी थापता थापताच विचारलं, "कळालं मला. इरप्पाण्णा सांगून गेले. खून कुणाचा करायलाव?"

सरांचा हिरमोड झाला, पण बेताचा. हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला हिरमोडाची सवय असते. परीक्षा जवळ आली की त्याचे तास गणिताचे मास्तर मागून नेतात, आणि गॅदरिंग जवळ आलं की स्टेजचे पडदे रंगवायला त्यालाच बसवतात. तरी सर खचलेले नव्हते. उलट या खेपेला त्यांचा आत्मविश्वास इतका वर होता, की त्यांनी तिथंच उभ्या उभ्या बायकोला अख्खी गोष्ट सांगितली. ती ऐकताना स्नेहलबाईंची एकही भाकरी करपली नाही. हे काही चांगलं लक्षण नव्हतं, पण सरांच्या ते ध्यानात आलं नाही.

गोष्ट अशी होती. सन एकोणीसशे शेहेचाळीस. बीदरवर निजामाचं राज्य. एका जहागीरदाराचा त्याच्या हवेलीत खून होतो आणि त्याची चांदीचं नक्षीकाम केलेली काळी बिदरी अत्तरदाणी नाहीशी होते. मग लांब कोट आणि हॅट घातलेला एक डिटेक्टिव्ह येतो. तो फार बोलत नाही. धुरात उभा राहतो, खिडकीतून बाहेर बघतो, आणि शेवटी खुनी शोधून काढतो. खुनी असते हवेलीतली स्वयंपाकीण, जी प्रत्येक सीनमध्ये चहा घेऊन येते. चहा आणणाऱ्या बाईकडं कोण बघतं? कुणीच नाही. ही कल्पना सरांना आंघोळ करताना सुचली आणि ते तसेच साबणाच्या अंगानं वही शोधत बाहेर आले होते. पिक्चरचं नाव 'धूर आणि खंजीर'. लांबी दहा मिनिटं. लेक मैत्रेयी बंगळुरूहून सुट्टीला येणार होती, तिच्याकडं चांगला कॅमेरा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीतला आठवडाभराचा उद्योग, एवढाच काय तो विचार.

आता एका चौपन्न वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या, सरळमार्गी माणसाला हे कशासाठी हवं होतं, ते सांगितलं पाहिजे. कारण होतं बीदरजवळच्या जनवाडा गावात. जनवाड्यात सरांची आई राहते, चांगुणाबाई. वय ऐंशीच्या पुढं, डोळे चांगले, कान त्याहून चांगले. गोष्ट सांगावी तर चांगुणाबाईनं. शेजारची म्हैस व्याली, एवढंच सांगायचं असलं तरी ती असं सांगते की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जातो. आणि तिचाच सख्खा लेक असा निघाला, की त्यानं काहीही सांगायला घेतलं की तिसऱ्या वाक्याला चांगुणाबाई दाराकडं बघून म्हणायची, "राजू, तुजी बस येईल बग." बसला दीड तास असला तरी. सर मास्तर झाले तेव्हा तेच, सरांचं लग्न ठरलं तेव्हा तेच. चौपन्न वर्षांत तिनं लेकाला एकदाही "मग?" असं विचारलं नव्हतं. सरांना बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता (आला असता तर नाही म्हणाले नसते, पण हट्ट नव्हता). त्यांना आईच्या तोंडून एक "मग?" ऐकायचं होतं. तोंडानं सांगता येत नाही ना, मग डोळ्यांना दाखवू, असा त्यांचा साधा सरळ विचार होता.

पहिला सल्ला अर्थात इरप्पाचा आला. इरप्पा म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त बसकंडक्टर. तीस वर्षं लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून सांगितल्यामुळं सल्ला द्यायचा आवाज त्यांच्याकडं तयार होता. त्यांनी डिटेक्टिव्हचा कोट हातात घेऊन बघितला. हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात त्यांच्याकडनं सरांनी तो कधीतरी घेतला होता आणि बीदरच्या हवेत एकदाही घातला नव्हता.

"सर, एप्रिल महिना हाय. हे घालून मयत तुमचीच व्हायची."

"इरप्पाण्णा, याला स्टाईल म्हणतात."

"स्टाईल खरी हो. पन त्या टायमाला हितं असला कोट कोन घालत होतं? शेरवानी घाला, गोंड्याची रूमी टोपी घाला. आमच्या आज्जाच्या पेटीत हाय एक टोपी."

जनवाड्याला गेल्यावर चांगुणाबाईनंही कोट बघितला. दोन बोटांत धरून म्हणाली, "शेचाळीस साली? माज्या बापाकडं एकच सदरा होता, त्योबी लग्नातला. राजू, तुजी बस येईल बग."

सर डगमगले नाहीत. गोष्टीत कोट राहिला. पण इरप्पा आज्जाची टोपी आणून देऊन गेले होते, ती परत कशी करायची? आणि तिथंच सगळा घोटाळा सुरू झाला. सरांचा स्वभाव भिडस्त. वस्तू घेतली आणि ती पिक्चरमध्ये दिसली नाही, तर देणाऱ्याला काय वाटेल? म्हणून टोपीसाठी एक सीन वाढला: डिटेक्टिव्ह खुंटीवरच्या टोपीकडं अडीच मिनिटं बघतो. ही बातमी मैलूरभर आणि तिथून जनवाड्यापर्यंत गेली, आणि लोकांनी माळ्यावरचं सामान उतरवायला सुरुवात केली. जनवाड्याच्या मल्लव्वानं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ पाठवलं. ते दहा वाजून दहा मिनिटांवर कायमचं थांबलेलं होतं, त्यामुळं पिक्चरमधल्या सगळ्या घटना, खुनासकट, दहा वाजून दहा मिनिटांनी घडतात. कुणाचा हुक्का आला, कुणाचा पितळी बंब आला, कुणाची झुलती खुर्ची आली. एका घरून लोखंडी पलंग आला, तो सहा जणांनी सरांच्या गच्चीवर चढवला आणि परत न्यायला कुणीच आलं नाही. एक वस्तू, एक सीन. दहा मिनिटांचा पिक्चर मे महिन्याच्या मध्यावर एक तास पन्नास मिनिटांचा झाला होता.

"पप्पा, यात गोष्ट कुठंय?" मैत्रेयीनं एकदा विचारलं.

"वातावरण बग ग, वातावरण," सर म्हणाले.

वातावरणासाठी किल्ला पाहिजे होता. बीदरमध्ये राहून निजामाच्या काळातला पिक्चर काढायचा आणि किल्ल्यात काढायचा नाही म्हणजे काय! सरांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: 'किल्ल्यात एक खून करण्यासाठी दोन दिवसांची परवानगी मिळावी.' आणि तो घेऊन ते परवानगी देणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "एका खुनाला दोन दिवस?"

"पहिल्या दिवशी खून, साहेब. दुसऱ्या दिवशी प्रेत सापडतं."

"मग प्रेत रात्रभर आत राहणार? सहाला गेट बंद होतं."

"नाही नाही, प्रेत घरी जाऊन येईल."

साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि पोलिसांचं ना हरकत पत्र आणायला सांगितलं, कारण अर्जात खंजिराचा उल्लेख होता. सर ठाण्यात गेले. तिथं एक भरघोस मिशांचे जमादार होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "किसकू मारनेवाले सर?"

"मेरे चुलत भाई को. व्यंकट को."

"जमीन का लफडा है क्या?"

सरांनी पाऊण तास समजावून सांगितलं. जमादारांना सगळं पटलं, पण व्यंकटचा पत्ता मात्र त्यांनी वहीत लिहून घेतला आणि सर निघताना म्हणाले, "जो भी है, बैठके बात कर लेव सर. भाई है." त्यानंतर आठ दिवस ते मोटारसायकलवरून मैलूरमध्ये दोन-दोन चकरा मारत आणि सरांच्या घरासमोर गाडी हळू करत.

परवानगी काही आली नाही. पण चित्रकलेच्या मास्तराला किल्ला मिळाला नाही म्हणून अडतं का? सरांनी स्नेहलबाईंच्या चार डबल चादरी काढल्या आणि गच्चीवर तीन दिवस बसून त्यांवर बुरूज, कमानी आणि तटबंदी रंगवली. रंगवली मात्र झकास. लांबून बघितलं तर कबुतरं येऊन बसतील अशी. स्नेहलबाई सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आल्या आणि दोरीवर वाळणारा किल्ला बघून एवढंच म्हणाल्या, "ती निळी माझ्या आहेरातली होती." पुढचे चार दिवस घरात वरण अळणी होतं.

खंजीर कुठं खुपसायचा यावरूनही त्यांचं आणि सरांचं वाजलं. "अहो, तिथं खुपसलं तर माणूस चहा पिऊन घरी जातो," त्या म्हणाल्या. पण सरांना खंजीर कॅमेऱ्याला छान दिसेल अशा जागी पाहिजे होता, म्हणून व्यंकट शेवटी खांद्याला लागून मेला. व्यंकट बँकेत कॅशियर. अंगानं भरलेला, तोंडावर जहागीरदारी, आणि दुपारी जेवला की कुठंही आडवा होणारा, त्यामुळं प्रेताचं काम त्याला फार चांगलं जमलं. मग धुराचा सीन आला. धुरासाठी सरांनी दोन किलो ऊद आणला. त्या दिवशी गच्चीवर जे झालं त्याबद्दल सर कुणाशी बोलत नाहीत, घरात कुणी विषय काढला तर उठून जातात. म्हणून आपणही तूर्त पुढं जाऊ.

राहिली खुनी. ती इरप्पाची बायको पद्माबाई. माहेर आळंदपलीकडच्या निंबर्ग्याचं, धनगराच्या घरातली लेक, आवाज असा की निंबर्ग्याच्या माळावर तिनं हाक मारली तर मेंढरं आपोआप वळायची. सरांनी तिला तोंड उघडायला मनाई केली होती. "पद्माक्का, तुमी फक्त चहा आनायचा आन जायचं. शेवटी एकदाच बघायचं कॅमेऱ्याकडं, असं गार." पद्माबाईनं ते इतकं मनावर घेतलं की महिनाभर ती घरातही इरप्पाकडं तसंच गार बघत होती. इरप्पाचं वजन दोन किलो उतरलं. सगळ्या पिक्चरमध्ये अभिनय म्हणावा असा तेवढाच होता.

जून-जुलैत मैत्रेयीनं बंगळुरूहून पिक्चर जोडून पाठवला. काळा-पांढरा, लांब सावल्या, मंद व्हायोलिन. सरांनी तो एकट्यानं अकरा वेळा बघितला आणि प्रत्येक वेळी शेवटाला त्यांच्या अंगावर काटा आला. दसऱ्याच्या सुट्टीत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाल्यावरच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, जनवाड्याच्या समाजमंदिरात पहिला खेळ ठरला. जनवाड्यातच कामून, मैलूरमध्ये कामून नाही, असं इरप्पानं विचारलं. आई मैलूरला येत नाही, एवढंच ते कारण होतं.

पत्रिका छापायचं काम इरप्पानं आपणहून अंगावर घेतलं. आपल्याकडं वास्तू असो, बारसं असो की बोअर मारणं असो, पत्रिका पाहिजे आणि तिच्यावर सगळ्यांची नावं पाहिजेत, कुणाचं राहिलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. सरांनी कागदावर नीट लिहून दिलं होतं: जहागीरदार, व्यंकट. डिटेक्टिव्ह, राजपाल. स्वयंपाकीण, पद्माबाई. इरप्पा तो कागद घेऊन छापखान्यात गेले आणि शेवटच्या ओळीवर अडले. घरी जन्मभर स्वयंपाक, आणि पिक्चरमध्येही बायको स्वयंपाकीण? निंबर्ग्याचे सासरेबुवा काय म्हणतील? पिक्चरमधलं सगळ्यात मोठं काम तर तिचंच! त्यांनी पेन मागितलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'प्रमुख खुनी – सौ. पद्माबाई इरप्पा.' तीनशे पत्रिका छापल्या आणि दोन दिवसांत मैलूर, जनवाडा, निंबर्गा असं सगळीकडं वाटून मोकळे झाले.

सरांना हे रविवारी दुपारी अडीच वाजता कळलं, आणि तेही पत्रिकेवरून नाही. जनवाड्याच्या स्टॉपवर बस थांबली तेव्हा समोर दहा फुटांचा फ्लेक्स होता. त्यात पद्माबाई नऊवारीत, हात जोडून, आणि खाली लाल अक्षरात: 'प्रमुख खुनी सौ. पद्माबाई यांचे जनवाडा नगरीत हार्दिक स्वागत. शुभेच्छुक: निंबर्गा येथील समस्त माहेरची मंडळी.' शेजारी तोच मजकूर कन्नडमध्ये.

"इरप्पाण्णा!" सर ओरडले. "खुनी कोण हे शेवटी कळायचंय! एक तास चाळीस मिनिटांनी!"

"मग चांगलंच की सर. लोकं एक तास चाळीस मिनटं वाट बघतील."

सरांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि मनाला समजावलं, की पत्रिका आणि फ्लेक्स कोण वाचतं. मग ते अवसान आणून चालू लागले, कोट हातावर टाकून.

समाजमंदिर भरलं होतं. निंबर्ग्याहून दोन जीप भरून पद्माबाईचं माहेर आलं होतं. अंधार पाडायला आठ खिडक्यांवर आठ घरांच्या गोधड्या बांधल्या होत्या. चांगुणाबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, पाय वर घेऊन खुर्चीवर बसली होती. रीतीप्रमाणं आधी वंदना झाली. सगळे उभे राहिले, त्रिशरण झालं, पंचशील झालं. जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि सगळ्यात खणखणीत आवाज प्रमुख खुनी सौ. पद्माबाईंचा होता.

सूत्रसंचालनाला प्रशांतकुमार गुरुजी होते. माईक हातात आला की गुरुजी परत देत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी प्रास्ताविकात पिक्चरची अख्खी कथा सांगितली, आणि खरं सांगायचं तर सरांपेक्षा बरी सांगितली. मग सत्कार. सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे पाहुण्याला चहाशिवाय घालवणं. पत्रिका डोळ्यांसमोर धरून गुरुजी म्हणाले, "आता मी विनंती करतो, की ज्यांनी हा खून अतिशय मन लावून केलेला आहे, त्या सौ. पद्माबाई यांनी मंचावर यावं. त्यांचा सत्कार शाल आणि पुष्पगुच्छ देऊन मयत श्री. व्यंकटराव यांच्या हस्ते होईल. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. निंबर्ग्याकरांनी शिट्ट्या वाजवल्या. मयतानं खुन्याला शाल घातली, खुनी मयताच्या पाया पडली. सर स्टेजच्या कडेला कोटाचं बटण पिळत उभे होते, आणि ते बटण त्यांच्या हातात आलं.

एकदाचा पिक्चर सुरू झाला. व्हायोलिन वाजलं, धूर आला, धुरातून हॅट आली. तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही आणि सरांची छाती फुगली. मग भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

"माजं घड्याळ!" मल्लव्वा उभीच राहिली. "बगा बगा, पुसून घेतलेलं दिसायलंय!"

त्यानंतर कुणी गोष्ट बघितलीच नाही. जो तो आपापली वस्तू शोधायला लागला. पलंगवाले पलंग कधी येतो म्हणून विचारायला लागले. टोपीच्या सीनला इरप्पानं उभं राहून चारी बाजूंना नमस्कार केला. ज्याची वस्तू येऊन गेली त्याचा पिक्चर संपला, तो शेजाऱ्याशी सोयाबीनबद्दल बोलायला मोकळा झाला. वाऱ्यानं चादर हलली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, किल्ला हलायलाय!" आणि निंबर्ग्याकर तर वेगळ्याच नादात होते. पद्माबाई चहा घेऊन आली की सगळे सरसावून बसायचे. "आता मारती!" ती चहा ठेवून निघून गेली की सगळे हताश. दुसऱ्यांदा चहा, तिसऱ्यांदा चहा. चौथ्या चहाला तिचा धाकटा भाऊ समोरच्या भिंतीकडं बघून कळवळून म्हणाला, "अक्का, मार की लवकर! आमाला आळंदवरनं जायाचंय!"

पाऊण तास झाला तेव्हा मल्लव्वा उठली. तिचं घड्याळ चार वेळा येऊन गेलं होतं, समाधान झालं होतं, आणि नातवाला झोपायच्या वेळेला गोधडी लागते. तिनं खिडकीवरची आपली गोधडी सोडली आणि झटकून खांद्यावर टाकली. खिडकीतून उन्हाचा भला थोरला पट्टा नेमका डिटेक्टिव्हच्या तोंडावर पडला आणि डिटेक्टिव्ह नाहीसा झाला. एकीनं नेली म्हटल्यावर दुसरीला आपली आठवली. दहा मिनिटांत आठही खिडक्या उघड्या होत्या, आणि एवढ्या कष्टानं साधलेलं ते काळं-पांढरं वातावरण फिक्कट होऊन नुसती पांढरी भिंत राहिली. तिच्यावर व्हायोलिन तेवढं ऐकू येत होतं. निंबर्ग्याच्या दोन्ही जीपा सुरू झाल्याचा आवाज आला.

रहस्य उलगडायची वेळ आली तेव्हा समाजमंदिरात अकरा माणसं उरली होती. त्यांतले गुरुजी आभारप्रदर्शनासाठी थांबले होते. भिंतीवरचा पुसटसा डिटेक्टिव्ह सावकाश वळला, हॅट काढली आणि महिनाभर आरशासमोर पाठ केलेलं वाक्य बोलायला लागला, "खुनी तोच असतो, ज्याच्याकडं..."

आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून चांगुणाबाईचा आवाज आला, खडा आणि मायेचा. "राजू, तुजी बस येईल बग."

अकराच माणसं हसली, पण सरांना ती अकराशे वाटली. त्यांना रडायला आलं. खोटं कशाला सांगायचं, चौपन्न वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी भर ऑक्टोबरात कोट अंगात घातला.

साडेपाचला सगळे चांगुणाबाईच्या अंगणात बसले होते. सहाची बस होती. स्नेहलबाई नवऱ्याकडं बघत होत्या आणि त्यांनी आहेरातल्या चादरीचा राग तिथल्या तिथं सोडून दिला. व्यंकट आणि इरप्पा चहा पीत होते. पद्माबाई शाल पांघरून बसली होती. बाहेर रस्त्यावर गावातली पाच-सात माणसं उगाच घुटमळत होती. शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, "राजू, त्यो किल्ला कामून हलत होता रे?"

"वारं सुटलं होतं, माय."

"वाऱ्यानं किल्ला हलतंय व्हय?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर म्हणाले, "चादर होती ती, माय. स्नेहलच्या आहेरातली. निळी."

चांगुणाबाईनं सुनेकडं बघितलं, मग लेकाकडं. "कामून? खरा किल्ला काय झाला?"

"खुनाची परवानगी दिली न्हाई. एका खुनाला दोन दिवस कामून लागतेत म्हनले." सर जमिनीकडं बघूनच बोलत होते, वातावरण-बितावरण काही नाही, जसं झालं तसं. जमादारांनी जमिनीचं लफडं आहे का विचारल्याचं सांगितलं तेव्हा इरप्पाला ठसका लागला. व्यंकटचा पत्ता वहीत लिहून घेतला हे व्यंकटला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. "माजा पत्ता?" तो उडालाच. रस्त्यावरची माणसं अंगणात आली. मल्लव्वा गोधडीसकट येऊन ओट्यावर बसली. आणि मग सर, कुणी न विचारता, त्या धुराच्या दिवसावर आले.

"ह्यो व्यंकट गच्चीवर मरून पडलेला. मी दोन किलो ऊद पेटवला. ह्यो पडल्या पडल्या झोपला, खरंच झोपला, घोरायला लागला. धूर इतका झाला की मला माजा हात दिसंना. तिकडनं इरप्पाण्णा वरडले, आग लागली! की ह्या पद्माक्का थेट बादली घेऊन वर आल्या, आन ओतली मयतावर."

"मी काय करू? मला वाटलं खरंच मेले," पद्माबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजानं कोंबड्या पळाल्या.

"मयत उठलं. डोळ्यात ऊद, अंगावर पानी, खांद्यात खंजीर, दिसायलं काय न्हाई. धडपडत गेलं ते थेट चादरीत. दोरी तुटली, सगळा किल्ला ह्याच्या अंगावर. आन तसाच किल्ला घेऊन ह्यो जिन्यानं खाली पळाला, माय! बुरूज फुडं, ह्यो मागं. मैलूरच्या रस्त्यानं किल्ला पळायलाय आन मागनं मी, ह्या कोटात. कोपऱ्यावर वळलो, आन तिथं मोटारसायकल लावून कोन हुबं होतं म्हनतीस?"

तेवढ्यात स्टॉपवर बसचा हॉर्न वाजला. सर सवयीनं उठले. बोलणं अर्ध्यात सोडून उठायची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती. त्यांनी एक पाय चपलेत घातलाही.

चांगुणाबाईच्या हातातला चहा निवून गेला होता. तिनं कप खाली ठेवला आणि लेकाच्या कोटाचं टोक घट्ट धरलं.

"जाऊ दे ती बस," ती म्हणाली. "मग?"

सरांनी चप्पल काढली आणि ते परत खाली बसले.